कुणीतरी काढलेलं फडकं

मापातलं दूध पातेल्यात ओतून झालं की मामा ते माप पातेल्याच्या काठावर दोनदा आपटायचे, शेवटचा थेंब पडेपर्यंत थांबायचे आणि मग उजव्या हाताची तीन बोटं वर करायचे. "तीन उकळ्या," म्हणायचे. रोज, प्रत्येक दारात, तीस वर्षं दूध घेणाऱ्या घरातसुद्धा. कुणी गच्चीवर असलं तर खालून नुसती बोटं दाखवायचे. नवीन भाडेकरूंना वाटायचं, दूधवाला दुधाचा भाव सांगतोय की निवडणुकीला उभा आहे.

तुमच्याही गल्लीत असा एखादा दूधवाला असेल. पण आपलंच दूध विकताना गिऱ्हाइकाला त्या दुधाची भीती घालणारा दूधवाला मी तरी दुसरा पाहिला नाही. लातूरला रेणापूर नाक्याच्या पुढे आमची कॉलनी. निम्मे शिक्षक, बाकीचे बँकेतले आणि कचेरीतले. मामा रेणापूरकडच्या एका खेड्यातून मोपेडवर दोन्ही बाजूंना कॅन लावून यायचे. त्यांचं वय माझ्याएवढंच, पण आख्खी कॉलनी त्यांना मामा म्हणायची आणि ते मला गुरुजी.

आमचा पहिला वाद धारोष्ण दुधावरून झाला. धार काढल्या काढल्या प्यायलेलं दूध म्हणजे अमृत, असं मी वर्गात पस्तीस वर्षं शिकवलं होतं. मामांना ते सांगितलं तर हातातलं माप तसंच धरून ते हसायला लागले.

"गुरुजी, तुमचं पुस्तक लिवणाऱ्यानं म्हैस बघितली न्हाई. म्हैस बसते कुठं ते आधी बघा, मग अमृत म्हणा."

मग त्यांनी त्यांची गोष्ट सांगितली. तरुणपणी त्यांना पैलवानकीचा नाद होता. रोज म्हशीच्या आचळाखाली तांब्या धरायचा आणि फेसासकट रिकामा करायचा. एका वर्षी ताप लागला. रोज संध्याकाळी यायचा, सकाळी उतरायचा. सांधे असे धरले की लंगोट नेसायलाही भाऊ लागायचा. हिवतापाच्या गोळ्या झाल्या, देवऋषी झाला, अंगारा झाला. शेवटी लातूरच्या एका डॉक्टरने विचारलं, "दूध कसं पितोस?"

"मी म्हणलं, थेट. डॉक्टर म्हणला, मग ताप बी थेटच आलाय. म्हशीकडून." मामा माप आपटत म्हणाले, "वर्ष झोपवलं मला तिनं. म्हणून सांगायलोय, तीन उकळ्या. पहिली दुधाची, दुसरी म्हशीची, तिसरी माझ्या हाताची. माझा हात बी काय गंगेत धुतलेला न्हाई."

हे ऐकून आमची ही स्वयंपाकघरातून म्हणाली, "ऐका जरा. शिकलेल्या माणसापेक्षा मामांना जास्त कळतं." तेव्हापासून आमच्याकडे तीन उकळ्या सुरू झाल्या. मी मात्र पुस्तकाच्या बाजूचाच राहिलो. पुढे जे घडलं त्यात याचाही वाटा आहे.

कॉलनीत महादेवाचं लहानसं मंदिर आहे. निवृत्त झाल्यावर मी त्याच्या समितीचा सचिव झालो. महाशिवरात्रीला अभिषेकासाठी कच्चं दूध लागतं, तापवलेलं चालत नाही. आणि उपवासाच्या लोकांसाठी थंडाई असते, तिला तापवून गार केलेलं दूध. मामा दोन्ही आणायचे. त्या दिवशी त्यांच्या दोन म्हशींचं पुरायचं नाही, म्हणून कच्चं दूध गावातल्या पाच-सात घरांतून गोळा करायचे. कुणाच्या गोठ्यात काय, हे त्यांना ठाऊक असल्यामुळे त्या कॅनच्या कडीला ते एक लाल फडकं बांधायचे. बायको जुन्या लुगड्याचं फाडून द्यायची. गाठ अशी मारायचे की सोडायला दात लागावेत.

"हे पिंडीचं," एका कॅनवर हात ठेवून सांगायचे. "पोटाचं ते तिकडं." मग तीन बोटं दाखवून म्हणायचे, "ह्याला एक बी उकळी न्हाई. देवाला चालतंय. आपण काय देव न्हाव."

दरवर्षी हे ऐकून आम्ही हसायचो.

आता ते सांगतो, ज्याच्यासाठी लिहायला बसलो. पाच शिवरात्रींमागे दुपारी तीनच्या सुमाराला थंडाई संपली. नेमक्या त्याच वेळी शेजारच्या कॉलनीतल्या भजनी मंडळाच्या वीस-पंचवीस बाया आल्या. उन्हातून चालत आलेल्या. समितीने थंडाईचा फलक लावलेला आणि पिंपात नुसता बर्फ. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मंदिराच्या मागे पत्र्याच्या सावलीत पिंडीचा कॅन सकाळपासून उभा होता. अर्ध्याहून जास्त भरलेला. पत्र्याची सावली म्हणजे भट्टीची सावली, हे मला कळायला हवं होतं. मला आठवलं ते अमृत.

थंडाई वाटायला आमच्या वरच्या गल्लीतल्या बँकेतल्या साहेबांच्या पत्नी होत्या. लाल फडकं बघितलं असतं तर त्यांनी कॅनला हात लावू दिला नसता. म्हणून मी मागे गेलो आणि ते फडकं सोडलं. गाठ सुटेना, तेव्हा खरोखर दात लावले. फडकं जाकिटाच्या खिशात घातलं, कॅन पुढे आणला आणि म्हणालो, "हे घ्या, मामांनी जास्तीचं ठेवलं होतं."

बदाम, वेलदोडा, केशर, साखर, बर्फ. बाया वाहवा करत प्यायल्या, आमच्या कॉलनीतल्याही बऱ्याच जणांनी पुन्हा पेले भरले. साहेबांच्या पत्नीने दोन पेले घेतले. मी घेतली नाही. मला साखरेचा विकार आहे.

रात्र उलटायच्या आत घराघरांतून मोऱ्यांचे आवाज सुरू झाले. उलट्या, जुलाब, पोटात कळा. सकाळी रिक्षा पुरेनात. सुदैवाने सगळे बरे झाले, हे आधीच सांगून टाकतो. पण साहेबांच्या पत्नीला तीन दिवस दवाखान्यात सलाईन लावावं लागलं, आणि पहिल्या दिवशी डॉक्टर त्या बँकेतल्या साहेबांना बाजूला घेऊन बोलले होते.

अन्न विभागाचे अधिकारी आले. कॅनमध्ये थोडं दूध उरलं होतं. त्यांनी ते बाटल्यांत भरलं, लाखेचं सील केलं, पंचनामा लिहिला. पंच म्हणून सही केली ती मी. मामांना बोलावून घेतलं होतं. हात मागे बांधून ते उभे होते.

"हा कॅन प्यायला दिला होता?" अधिकाऱ्यांनी विचारलं.

"न्हाई साहेब. पिंडीचा हाय. लाल फडकं बांधलं होतं."

"फडकं कुठंय?"

मामांनी माझ्याकडे बघितलं. मदतीच्या अपेक्षेने बघितलं, संशयाने नाही. अधिकाऱ्यांनीही माझ्याकडे बघितलं.

"माझ्या लक्षात नाही," मी म्हणालो.

एवढंच. तीन शब्द. फडकं त्या वेळी घरी खुंटीवरच्या जाकिटात होतं.

दोन दिवसांनी हिने जाकीट धुवायला काढलं. फडकं सापडलं, धुतलं आणि अंगणातल्या तारेवर वाळत घातलं. मी पेपर वाचत बसलो होतो. फाटकात मोपेड थांबली. मामांनी दूध ओतलं, माप दोनदा आपटलं, आणि वर बघितलं. तारेवर ते लाल फडकं वाऱ्यावर हलत होतं. मामांनी फडक्याकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग पुन्हा फडक्याकडे.

"अक्का," ते हिला म्हणाले, "लुगडं लई जुनं हाय आमच्या घरचं. पण रंग बघा कसा धरून ठिवलाय."

हिला काही कळलं नाही. मला कळलं. मामांनी तीन बोटं वर केली आणि ते गेले.

त्यांनी तिथेच आरडाओरडा केला असता, चार लोक गोळा केले असते, तर माझी तेव्हाच सुटका झाली असती. पण दुसऱ्या दिवशी दूध ओतून झाल्यावर त्यांनी अगदी प्रेमाने विचारलं, "गुरुजी, काही आठवलं का?"

"बघतो," मी म्हणालो.

"बघा. घाई न्हाई."

तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मग रोज. तीन उकळ्यांच्या जोडीला हा दुसरा मंत्र झाला. पाऊस असो, थंडी असो, "गुरुजी, काही आठवलं का?" कधी नुसत्या भुवया उडवायचे. मी मोपेडचा आवाज आला की संडासात जाऊन बसायला लागलो. तर मामा हिला सांगायचे, "अक्का, गुरुजींना विचारा, तिथं तरी काही आठवायलंय का."

हिला मी त्याच आठवड्यात सगळं सांगितलं होतं. ती म्हणाली, "मग जाऊन सांगा की अधिकाऱ्यांना." मी म्हणालो, सांगतो. तिने फडक्याची घडी करून स्वयंपाकघरातल्या खिळ्याला टांगली, पाण्याच्या माठाच्या बरोबर वर. पाणी प्यायला गेलं की आधी फडकं दिसायचं.

तपासणीचा अहवाल आला: दूध सेवनास असुरक्षित. येणारच तसा. मामा चाळीस वर्षं तेच तर सांगत होते. पण कागदावर आल्यावर त्याचा अर्थ बदलला. बारा घरांनी मामांचं दूध बंद केलं. बँकेतले साहेब म्हणजे कागदाचा पक्का माणूस. त्यांनी दवाखान्याची बिलं, अहवाल, पंचनाम्याची प्रत, सगळ्याची फाईल केली आणि जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दाखल केली. विरुद्ध पक्ष एक, दूधवाला. विरुद्ध पक्ष दोन, मंदिर समिती, तर्फे सचिव. म्हणजे मी.

त्यांचं काही चुकलं नव्हतं. बायको मरणाच्या दारातून आलेली, त्यांनी दाद मागितली.

आयोगात आम्ही दोघे एकाच बाकावर बसायचो. समितीच्या वकिलाने बिनतोड म्हणून एक मुद्दा काढला, की थंडाई फुकट वाटली, सबब तक्रारदार ग्राहकच नव्हेत. साहेब उठले आणि समितीच्या वर्गणीची पावती काढून दाखवली. खाली सही माझी. मामा माझ्या कानाशी लागले, "तुमची सही लई ठिकाणी हाय गुरुजी."

वकिलाने माझं शपथपत्र तयार केलं. मी त्याला म्हणालो, फडकं होतं हे लिहायचंय. तो म्हणाला, लिहू, पण मग काढलं कुणी? मी सहीसाठी पेन काढलं. त्याने माझ्याकडे बघितलं, चष्मा पुसला आणि टंकलेखकाला मजकूर सांगितला: 'गर्दीत कुणीतरी सदर फडके काढले असावे.' मी सही केली.

त्या एका वाक्याने मामा सुटले. त्यांच्याविरुद्धची तक्रार सिद्ध होत नाही म्हणून फेटाळली. दवाखान्याचा खर्च समितीने द्यावा असा आदेश झाला, तो समितीने दिला. अन्न विभागानेही ताकीद देऊन मामांचं प्रकरण मिटवलं. मी हुश्श केलं. वाटलं, अर्धं खरं बोललो, चालून जाईल.

बाहेर रसवंतीवर मामांनी मला रस पाजला. स्वतःच्या पेल्यातला बर्फ बोटाने काढून टाकला. "बर्फ कुठल्या पान्याचा, काय म्हाईत," म्हणाले. मग रस पिऊन झाल्यावर मिशा पुसत बोलले, "कुणीतरी लई वाईट माणूस असतोय बघा गुरुजी. समदीकडं आसतोय आन् कुटंच घावत न्हाई."

ते हसत होते. मलाही हसावं लागलं.

पण बारा घरं परत आली नाहीत. "सुटला म्हणजे काय, पुरावा नव्हता म्हणून सुटला," असं लोक म्हणायचे. एकदा साहेबांच्या फाटकासमोरून मोपेड जाताना मी बघितली. मामा सवयीने थांबले, मापाकडे हात गेला, मग आठवलं आणि पुढे निघाले. जाताना बंद दाराला तीन बोटं दाखवली. त्या घरी आता पिशवीचं दूध यायचं. दोन म्हशींतली एक त्यांनी विकली. पुढे गुडघे गेले, मोपेड झेपेना, तेव्हा मुलगी त्यांना नांदेडला घेऊन गेली. जायच्या दिवशी आमच्या फाटकात आले, दूध नव्हतं तरी. "आता आठवलं तर नांदेडला या," म्हणाले.

मी दोन वर्षं गेलो नाही. गेल्या कार्तिकात हिने खिळ्यावरचं फडकं काढून माझ्या पिशवीत घातलं आणि म्हणाली, "एसटी सातला आहे."

नांदेडला मुलीचं घर तिसऱ्या मजल्यावर. मामा स्वयंपाकघरात स्टूल टाकून गॅससमोर बसलेले. पातेल्यात दूध. मुलगी कपाळाला हात लावून सांगत होती, "दादा, पिशवीचं हाय. आधीच तापवून भरतेत. कितीदा उकळणार?"

"पिशवीला काय कळतंय," मामा म्हणाले. "ही दुसरी. थांब." मग मला बघून ओरडले, "आवो गुरुजी! बसा. तिसरी हूं द्या, मग बोलू."

तिसरी झाली. मी पिशवीतून फडकं काढून त्यांच्या मांडीवर ठेवलं.

"आठवलं," मी म्हणालो. "मीच काढलं होतं. दातानं."

मामांनी फडकं उलटंपालटं करून बघितलं. गाठीच्या जागी अजून सुरकुती होती.

"दातानं?" त्यांचे डोळे मोठे झाले. "हे मला म्हाईत नव्हतं. बाकी समदं म्हाईत होतं." आणि ते इतके हसले की मुलगी पाणी घेऊन धावत आली.

"मामा, तुम्ही आयोगात का नाही सांगितलंत? तारेवर बघितलं होतंत."

"दूधवाल्यानं सांगितल्यावर कोण ऐकतंय? म्हणले असते, सोताला वाचवायलाय. ते तुमच्याच तोंडून याया पायजे होतं." त्यांनी फडक्याची घडी केली आणि परत माझ्या हातात दिली. "आन् आता मला कामून सांगायलाव? मी काय तुमचं दूध बंद केलं न्हाई. बारा घरं हायत. हिंडा. मी चाळीस वर्षं हिंडलोय, तुमाला बारा दिवस हिंडाया काय हुतंय?"

मग बोटांवर घरं मोजायला लागले, त्यांच्या फेरीच्या क्रमाने. नावं नाहीत, खुणा. "पयलं कुत्र्याचं. मग करकरणाऱ्या फाटकाचं. मग जे उसनं पातेलं आणायचे ते..." बारावं साहेबांचं.

तर वयाच्या शहात्तराव्या वर्षी मी दूधवाल्याच्या वेळेला, दूधवाल्याच्या क्रमाने हिंडलो. दार उघडलं की, 'कुणीतरी नाही, मी' एवढं सांगायचं. कुत्र्याच्या घरी कुत्र्याने धोतर धरलं, त्यामुळे कबुली फाटकातूनच झाली. एका घरी सूनबाई म्हणाल्या, "सासरे आता नाहीत, पण फोटोसमोर सांगा," तर फोटोसमोर सांगितलं. एका घरी मला चहा न देता दार लावलं. ते बरोबरच होतं. संध्याकाळी मी नांदेडला फोन करून हिशेब द्यायचो. मामांचा एकच प्रश्न असायचा, "तापवून घेतेत का?"

बाराव्या दिवशी साहेबांच्या दारात गेलो. त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं. मग आत जाऊन ती फाईल आणली, माझं शपथपत्र काढलं, त्या ओळीवर बोट ठेवलं.

"शपथेवर खोटं लिहिणं गुन्हा आहे, गुरुजी."

"माहीत आहे. तुम्ही जिथं सांगाल तिथं येतो."

ते फाईलची पानं उलटायला लागले. तेवढ्यात आतून त्यांच्या पत्नीचा आवाज आला, "थंडाई मात्र छान झाली होती हो."

साहेबांनी डोळे मिटून घेतले. त्यांचे खांदे हलायला लागले तेव्हा मला वाटलं रडताहेत. हसत होते. मग चेहरा सरळ करून म्हणाले, "लेखी द्या. जे घडलं ते सगळं. फाईलला लावायचंय. आणि मंदिराच्या फळ्यावरही लावा."

मी एक पानाचा अर्ज लिहायला बसलो आणि त्याचं हे झालं. फाईलला एवढं लांबलचक कसं लावायचं ते साहेब बघतील.

साहेबांच्या पत्नी काय म्हणाल्या ते फोनवर ऐकून मामा खोकला येईपर्यंत हसले. पौषात मुलीचा फोन आला, दादा गेले म्हणून. सकाळी दुधाशी बसले होते, दोन उकळ्या झाल्या होत्या, तिसरी तिने केली.

परवाच्या शिवरात्रीला पिंडीचं दूध मामांचा पुतण्या घेऊन आला. कॅनला तेच फडकं मी बांधलं आणि शेजारी खुर्ची टाकून दिवसभर बसलो. येईल त्याला सांगत होतो, "हे पिंडीचं. पोटाचं तिकडं." लोक हसत होते. दुपारी तीनच्या सुमाराला साहेबांच्या पत्नी आल्या. काही न बोलता वाकल्या आणि फडक्याची गाठ दोन्ही हातांनी ओढून बघितली. सुटली नाही. मग त्यांनी आपला रिकामा पेला माझ्या हातात दिला, थंडाईच्या पिंपाकडे मान वळवली आणि विचारलं, "त्याला किती?"

मी तीन बोटं वर केली.